गार्डाच्या डब्यातले पाद्रीबुवा

आगगाडीचे वेड लहानपणी कुणाला नसते? शेताच्या कडेने रूळ जात असतील तर गुरे राखणारी पोरे गाडी दिसली की हात हलवतात, आणि ड्रायव्हर मनात आले तर शिटी वाजवून त्यांना ओ देतो. मिसरूड फुटली की बहुतेकांचे हे वेड ओसरते. काहींचे मात्र जन्मभर टिकते. आज ज्यांची आठवण काढायची आहे ते अशांपैकी एक. नाव विल्बर्ट ऑड्री, पेशाने इंग्लंडातल्या खेड्यांतले पाद्री.

घरात दूरचित्रवाणी असेल तर निळ्या रंगाचे, हसऱ्या तोंडाचे 'थॉमस' नावाचे इंजिन तुमच्या नातवंडांना ठाऊक असेल. ते ऑड्रींचेच लेकरू. पण थॉमसचे कौतुक जगाने पुष्कळ केले आहे. मला सांगायचे आहे ते १९५२ सालच्या उन्हाळ्याविषयी. तोवर त्यांची पुस्तके निघाली होती, घरोघरची मुले ती वाचत होती, आणि असा हा माणूस आपल्या सुटीचे दिवस घेऊन वेल्समधल्या एका मोडकळीला आलेल्या गाडीवर बिनपगारी गार्ड म्हणून उभा राहिला.

हे वेड त्यांना लागले कसे ते आधी पाहू. ऑड्रींचा जन्म १५ जून १९११ चा, हॅम्पशर परगण्यातील ॲम्पफील्ड गावचा. वडीलही पाद्री, आणि तेही आगगाडीचे वेडे. रेल्वेच्या कामगारांत त्यांची ऊठबस असे आणि पोराला ते सोबत नेत. पुढे हे कुटुंब बॉक्स नावाच्या गावी राहायला गेले. तिथले त्यांचे घर एका मोठ्या बोगद्याच्या तोंडापासून अवघ्या दोनशे यार्डांवर होते. तिथे दोन मैल सलग चढ, शंभर फुटांना एक फूट असा. मालगाडी जड असली की तिला मागून रेटा द्यायला दुसरे इंजिन लागे. आपल्याकडे कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावतात, तसेच ते. पुढचे इंजिन शिटी वाजवून 'चल' म्हणणार, मागचे शिटी वाजवून 'आलो' म्हणणार, आणि मग दोघांचे भकभकणे सुरू होणार. मालगाड्या बहुधा रात्रीच्या. अंथरुणात पडलेला लहानगा विल्बर्ट ते ऐके आणि त्याला वाटे की ही दोन इंजिने एकमेकांशी बोलत आहेत. बैलजोडीतला एक बैल हंबरला की दुसरा मान वळवतो हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

पुढे शिक्षण झाले, तीन वर्षे जेरुसलेमला शाळेत शिकवले, १९३६ साली पाद्रीपदाची दीक्षा झाली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा ऑड्रींनी युद्धाला पाठिंबा द्यायचे नाकारले. त्या दिवसांत इंग्लंडात असे उघड बोलणे सोपे नव्हते. या मतापायी त्यांना एका गावची चाकरी गमवावी लागली. १९४० साली बर्मिंगहॅम शहराच्या किंग्ज नॉर्टन भागातील चर्चने त्यांना ठेवून घेतले. तिथेच त्यांच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, गोवर आला. आपल्याकडे गोवर आलेल्या पोराला जसे अंधाऱ्या खोलीत निजवतात तसेच तिकडेही. कंटाळलेल्या पोराला बाप इंजिनांच्या गोष्टी सांगू लागला. पोर हट्टी. काल सांगितलेला शब्द आज बदलला तर चालत नसे, म्हणून बापाने गोष्टी कागदावर उतरवल्या. बायकोने मागे लागून त्या छापायला लावल्या. १९४५ साली पहिले पुस्तक निघाले, आणि १९७२ पर्यंत त्यांची एकूण सव्वीस झाली.

या पुस्तकांचा एक नेम होता आणि ऑड्री तो कधी मोडत नसत. इंजिने बोलतात एवढी एकच गोष्ट खोटी, बाकी जे घडते ते खऱ्या रेल्वेवर कधीतरी, कुठेतरी घडलेले असले पाहिजे. चित्रांतही चूक त्यांना खपत नसे. एका चित्रकाराने काढलेले हिरवे इंजिन त्यांना सुरवंटासारखे दिसले. ते तसे बोलून गेले, आणि त्या चित्रकाराने कामच सोडले. माणूस गोड होता, पण कामात ढिलाई दिसली की गोडवा संपे.

आता त्या गाडीकडे वळू. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश. भाषा वेगळी, नावे अशी की उच्चारताना आपली जीभ अडखळावी. समुद्रकाठी टाउइन नावाचे छोटे गाव आहे. तिथून आत डोंगराकडे, आबरगनॉल्विन गावापर्यंत सुमारे साडेसहा मैल जाणारी ही तालिथलिन रेल्वे. दोन्ही बाजूंना कुरणे, मेंढ्या आणि शेतकऱ्यांची दगडी घरे. १८६५ च्या सुमारास ती बांधली गेली ती वरच्या ब्रिन एग्लुइस खाणीतला पाटीचा दगड खाली आणायला. आपण ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली तोच हा दगड. तिकडे त्याचे पातळ पापुद्रे काढून घरे शाकारतात, जशी आपल्याकडे कौलांनी.

रुळांतले अंतर फक्त दोन फूट तीन इंच. आपल्याकडची जुनी बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला या अडीच फुटी होत्या, त्यांच्याहूनही ही तीन इंचांनी अरुंद. इंजिने दोनच, 'तालिथलिन' आणि 'डॉलगॉख'. पहिले १८६४ चे, दुसरे १८६६ चे. बांधतानाच एक गंमत झालेली. रस्त्यांच्या पुलांखाली जागा इतकी कमी ठेवली गेली की डब्याचे दार उघडून माणसाला बाहेर निघता येईना. सरकारी तपासनीस आला तेव्हा हे ध्यानात आले. पूल पाडायला पैसे कोण देणार? मग पुलांखालचे रूळ एका अंगाला सरकवले आणि सगळ्या डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करून टाकली. आजही त्या गाडीला एकाच बाजूने चढउतार करावी लागते.

पूर्वी तिथे आणखी एक सोय होती. हवा खायला आलेल्या पाहुण्यांना दगडाची रिकामी वाघीण भाड्याने मिळे. सकाळी गाडीला जोडून ती वर न्यायची, दिवसभर डोंगरात हिंडायचे, आणि संध्याकाळी उतारावर सोडून द्यायची. इंजिन नाही, बैल नाही, नुसत्या उताराच्या जोरावर ती घरी. ही सोय पुढे बंद झाली, आणि झाली ते बरेच झाले म्हणायचे!

१९११ पासून ही खाण आणि गाडी सर हेडन जोन्स या वेल्श खासदाराच्या मालकीची. त्यांनी शब्द दिला होता की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. १९४६ च्या डिसेंबरात खाण ढासळली आणि बंद पडली. ज्या मालासाठी गाडी होती तो मालच उरला नाही. तरी म्हाताऱ्याने पदरचे पैसे घालून उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी चालू ठेवली. १९४८ साली ब्रिटनच्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा या गाडीचे नाव यादीत नव्हते. घ्यावी असे तिच्यात काही उरलेच नव्हते म्हणा. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. शब्द पाळून झाला होता. आता रूळ उपटून भंगारात जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरले.

इथे टॉम रोल्ट नावाचा लेखक मध्ये पडला. जुने कालवे वाचवण्यासाठी तो आधीच झटत होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली आणि विचारले, की आपणच ही गाडी चालवली तर? आपणच म्हणजे मास्तर, कारकून, गिरणीतले कामगार, दुकानदार, ज्यांना रजेच्या दिवशी घाम गाळायला आवडते ते सगळे. तोवर जगात कुठेही बिनपगारी हौशी माणसांनी सार्वजनिक रेल्वे चालवायला घेतली नव्हती. रेल्वेतल्या जाणत्यांना हा पोरखेळ वाटला. पण मंडळ उभे राहिले, सर हेडन यांच्या पत्नीने गाडी मंडळाच्या हवाली केली, आणि १४ मे १९५१ रोजी पहिल्या थोड्याशा टप्प्यावर ती पुन्हा धावली.

धावली म्हणायचे ते आपले बोलण्यापुरते. दोन इंजिनांपैकी 'तालिथलिन' पार निकामी. सगळा भार पंच्याऐंशी वर्षांच्या 'डॉलगॉख'वर. रुळांखालच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या. गवत इतके माजलेले की रूळ दिसत नसत, आणि ते उपटायचीही भीती, कारण त्या मुळ्यांनीच रूळ जागेवर धरून ठेवले आहेत असे लोक म्हणत. बांधावरची हरळी खणली की बांधच खचतो, हा आपला अनुभव काही वेगळा नाही. शेजारची कॉरिस नावाची गाडी १९४८ साली बंद पडली होती आणि तिचेही रूळ नेमके दोन फूट तीन इंचांचे. तिची दोन इंजिने मंडळाने सरकारकडून पंचवीस-पंचवीस पौंडांना घेतली. एकाला 'सर हेडन' नाव दिले. दुसऱ्याला दिले जुने व्यवस्थापक एडवर्ड थॉमस यांचे. पण 'सर हेडन'च्या चाकांची पट्टी अरुंद आणि इकडचे रूळ फाकलेले, त्यामुळे ते दोन रुळांच्या मधे खाली पडू लागले. 'एडवर्ड थॉमस' लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने फुकट दुरुस्त करून दिले, म्हणून १९५२ साली 'डॉलगॉख'ला जरा विसावा मिळाला.

अशा दिवसांत ऑड्री तिथे गेले. मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत त्यांचे नाव होते. वर्गणी पाठवून घरी बसले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. नामांकित लेखकाने एखादे भाषण करावे, हार घालून घ्यावा, फोटो काढून परत जावे, हेही चालले असते. त्यांनी मागितले गार्डाचे काम. आपल्याकडे सप्ताहाच्या पंगतीत एखादा मोठा बागाईतदार कमरेला पंचा बांधून वाढायला उभा राहतो, तेव्हा तो कोण आहे हे जेवणाऱ्याने विचारायचे नसते. तसेच हे.

गार्डाचे काम बसून खायचे नव्हे. वाटेतल्या थांब्यांवर स्टेशनमास्तर नसे, तिकीटघर नसे. गार्डाच्या डब्यालाच एक खिडकी होती आणि थांब्यावर गाडी उभी राहिली की त्या खिडकीतून तिकिटे विकायची. दारे नीट लागली का पाहायचे, उतारावर हातब्रेक सांभाळायचा, आणि सगळे चढले याची खात्री झाली की शिटी वाजवून हिरवे निशाण दाखवायचे.

सगळे चढले याची खात्री झाली की! एके दिवशी इथेच घोटाळा झाला. उतारूंना चहा-फराळ विकणारी एक बाई होती. ती गाडीत चढायची राहिली आणि पाद्रीबुवांनी निशाण दाखवले. गाडी निघाली, बाई मागे. गाडीवरच्या मंडळींना थट्टेला विषय मिळाला.

दुसरा कुणी असता तर ही गोष्ट चारचौघांत निघू नये म्हणून धडपडला असता. ऑड्रींनी ती पुस्तकात घातली. १९५५ साली त्यांचे 'चार लहान इंजिने' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. त्यात स्कारलोई नावाची एक डोंगरातली छोटी गाडी आहे, आणि तिची इंजिने म्हणजे तालिथलिनचीच, नावे बदललेली. 'तालिथलिन'ची झाली 'स्कारलोई', 'डॉलगॉख'ची 'रेनियस', 'सर हेडन'ची 'सर हँडल', 'एडवर्ड थॉमस'ची 'पीटर सॅम'. त्यातला पीटर सॅम घाईघाईत निघतो आणि फराळवाली बाई फलाटावर राहते. पुस्तकात दोष गेला उतावळ्या इंजिनावर. निशाण कुणी दाखवले होते ते टाउइनला सगळ्यांना ठाऊक होते!

आणि इथेच या माणसाने गाडीला काय दिले ते कळते. दोन आठवडे निशाण हलवणारे गार्ड पुढे पुष्कळ मिळाले असते. पण गाडीवर राहून, धूर नाकात घेऊन त्याने जे पाहिले ते गोष्टीत आले, आणि गोष्टी लाखो घरांत गेल्या. म्हातारी 'डॉलगॉख' एकटीने सगळा भार ओढत होती, तिची कथा पुढे १९६२ च्या पुस्तकात आली. रुळांमधून पडणाऱ्या 'सर हेडन'ला नंतर रुंद चाके बसवली, तेही गोष्टीत आले, आणि त्याला बाकीची इंजिने कशी चिडवतात तेही. शिवाय पुस्तकांच्या सुरुवातीला ते मुलांना सांगत की अशी गाडी खरोखर आहे, वेल्समध्ये टाउइनला जा आणि पाहा. मुले आईबापांचा पदर ओढत तिथे येऊ लागली. तिकिटे खपली की कोळसा येतो, आणि कोळसा आला की गाडी चालते. मला विचाराल तर ऑड्रींच्या सव्वीस पुस्तकांत ही डोंगरातल्या छोट्या गाडीची पुस्तके सर्वांत जिवंत वाटतात, कारण तिथे लेखकाच्या हाताला काजळी लागलेली आहे.

त्यांचे पुढचे आयुष्य साधे गेले. १९५३ ते १९६५ ते एमनेथ या गावी पाद्री होते, नंतर निवृत्त होऊन स्ट्राउड गावी राहिले. खेळण्यातल्या गाड्यांचा आपला मांड घेऊन प्रदर्शनांना जात आणि मुलांना चालवून दाखवत. रेल्वे आणि चर्च ही सारखीच, असे ते थट्टेने म्हणत: दोघांचे वैभव गेल्या शतकातले, दोघांच्या जुन्या इमारतींच्या डागडुजीत पैसा बुडतो, दोघांना लोक नावे ठेवतात, आणि तरी मुक्कामाला नेणारी खरी वाट आपलीच असे दोघांना वाटते. १९८४ पासून थॉमस दूरचित्रवाणीवर आला आणि खेळणीवाल्यांची चांदी झाली. ऑड्री मात्र त्यातल्या काही नव्या गोष्टींवर चिडत. एका गोष्टीत रुळांच्या अगदी लगत झाडी दाखवली होती. कोणती रेल्वे रुळांना चिकटून झाडे वाढू देईल, हा त्यांचा सवाल. पंच्याहत्तरी ओलांडलेला म्हातारा लहान मुलांच्या खेळातल्या झाडांवरून वाद घालतो हे हसण्यासारखे वाटेल. पण वणवा रुळाकडेच्या वाळल्या गवतातून कसा पसरतो हे ज्याने पाहिले आहे तो हसणार नाही.

१९९६ साली राणीच्या सरकारने त्यांना मानाचा किताब दिला. तो घ्यायला लंडनला जाण्याइतकी ताकद तेव्हा अंगात राहिली नव्हती. २१ मार्च १९९७ रोजी ते वारले.

रोल्ट त्यांच्या आधीच, १९७४ साली गेले होते. पण गाडी चालू राहिली. 'तालिथलिन' इंजिन दुरुस्त होऊन १९५८ साली परत आले. १९७६ साली रूळ आणखी वर, नँट ग्वेर्नॉलपर्यंत नेले आणि लांबी सव्वासात मैल झाली. तिचे पाहून ब्रिटनमध्ये आणि बाहेरही ठिकठिकाणी लोकांनी मंडळे काढून बंद पडलेल्या गाड्या चालवायला घेतल्या. २०२१ साली त्या भागातल्या पाटीच्या खाणींना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात ब्रिन एग्लुइसची खाण, आबरगनॉल्विन गाव आणि ही रेल्वेही आली. ज्या गाडीला १९४८ साली सरकारी यादीत जागा नव्हती, तिला ही जागा मिळाली!

टाउइनच्या स्थानकालाच लागून अरुंद रुळांच्या गाड्यांचे एक संग्रहालय आहे. ऑड्री ज्या खोलीत बसून लिहीत ती खोली, त्यांच्या सामानासकट, तिथे पुन्हा मांडून ठेवली आहे. गाडीची वेळ होईपर्यंत लोक ती पाहतात, आणि मग बाहेर फलाटावर येऊन उघडणारे दार कोणत्या बाजूला आहे ते शोधत डब्यात चढतात.